घरात कसं सांगितलंत? (पाळी जाण्याच्या वयाबद्दल)

गोडोलीकरीण

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

वय ४७, राहणार सातारा, गोडोली. एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. घरी आत्या (सासूबाई, वय ७४), हे, मुलगा इंजिनिअरिंगला, मुलगी दहावीला. गेलं दीड वर्ष पाळीचं काही खरं राहिलेलं नाही. कधी वीस दिवसांत, कधी अडीच महिने पत्ता नाही, आणि आली की अंगावरून इतकं जातं की काउंटरवरून उठायची भीती वाटते. त्यात या वाफा. डिसेंबरातली गोष्ट, सगळा स्टाफ स्वेटर घालून बसलेला. मी नोटा मोजत होते. छातीतून गरम काहीतरी वर चढलं, मान, कान, चेहरा, आणि मिनिटाभरात कपाळावरचा घाम टपकन बंडलावर पडला. समोरच्या आजोबांनी खिशातला रुमाल पुढं केला. म्हणाले, "बाळ, बसून घे जरा." मी बसलेलीच होते.

रात्री तीनला जाग येते ती येतेच. परवा मुलानं तांब्याभांडं जागेवर ठेवलं नाही म्हणून इतकी ओरडले की तो भरल्या ताटावरून उठला. मग न्हाणीत नळ सोडून रडत बसले. त्या पोराचा काय दोष?

डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. थायरॉइड, सोनोग्राफी ठीक, हिमोग्लोबिन मात्र ८.९. "पाळी जायच्या वाटेवर आहात, पण रक्त इतकं कमी असून चालणार नाही," म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत.

आता प्रश्न. मुलीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा घरात सगळं नीट बोलले होते, मुलालाही सांगितलं होतं. स्वतःचं मात्र तोंडातून निघत नाही. आत्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासून विचारतायत, "या महिन्यात बाजूला बसली नाहीस का गं?" मी "पुढं गेलीय" म्हणते आणि विषय बदलते. ह्यांना वाटतं कामाचा ताण आहे. तुम्ही घरात कसं सांगितलंत? कोणत्या शब्दांत? आणि सांगितल्यावर घरच्यांनी नेमकं केलं काय?

मिरजेची_तार

ताई, मीही तोंडानं सांगू शकले नाही. सत्तावीस वर्षं संसार झालाय, तरी नाही जमलं. शेवटी मोबाइलवर लिहिलं. "माझी पाळी जायला लागलीय. झोप लागत नाही, अंगातून वाफा येतात, उगीच रडू येतं. तुमच्यावर राग नाही. भाजी आणताना कोथिंबीर आणा." कोथिंबिरीचं का लिहिलं माहीत नाही, नुसतं तेवढंच पाठवायला धीर झाला नसता.

त्यांचा सांगलीहून फोन आला, बसमध्ये होते, हळू आवाजात बोलत होते. "डॉक्टरकडं मीपण येऊ का?" एवढंच.

गेलो दोघं. डॉक्टरांनी मला विचारलं, रात्री किती वेळा उठता? मी म्हटलं, एकदोनदा असेल. हे शेजारून म्हणाले, "चार वेळा. कधी पाच." मला वाटायचं हे घोरतायत. माणूस सहा महिने माझ्याबरोबर जागा होता आणि मला पत्ता नव्हता. त्यालाही विचारायचं कसं ते कळत नव्हतं.

तेव्हा माझं मत: तोंडानं जमत नसेल तर लिहून सांगा.

शेंदूर

वाचतेय. वय ४४, इस्लामपूरकडची. माझंही सुरू झालंय बहुतेक.

वाईची_आजी

मी ६८ वर्षांची आहे, नातीनं हा धागा दाखवला. राग मानू नका, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पाळी गेली, सुटलो म्हणालो, कामाला लागलो. घरात सोळा माणसं, दोन म्हशी, कुणाला सांगणार आणि कशासाठी? बाईच्या जातीला हे असतंच. नाव दिलं की दुखणं मोठं होतं असं मला वाटतं. मुलांना तर अजिबात सांगू नये.

हळदीचं_पान

आजी, राग नाही, पण माझ्या आईचं सांगते. तीही हेच म्हणायची, सुटले बाई. ४५व्या वर्षी पाळी गेली. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. ६१व्या वर्षी परसात कपडे वाळत घालताना पाय घसरला. धडपडून पडली असंही नाही, नुसती बसल्यासारखी झाली आणि मनगट मोडलं. तेव्हा हाडांची डेक्सा तपासणी केली, टी-स्कोअर उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात झपाट्यानं झिजतात. म्हणजे ती पोकळ होत होती तेव्हा ती आमची धुणी धूत होती.

तुम्हाला त्रास झाला नसेल तर आनंदच आहे. काहीजणींना खरंच होत नाही. पण सांगायचंच नाही हे मला पटत नाही.

वाईची_आजी

त्रास झाला नाही असं मी म्हटलेलं नाही.

गोडोलीकरीण

आजी, या तुमच्या ओळीवर बराच वेळ थांबले.

वॉर्ड_नंबर_चार

३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली बरीच प्रसूती आणि स्त्रीरोग विभागात. थोडं कामाचं बोलते.

सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच ती थांबली म्हणायचं. आपल्याकडं सरासरी वय ४६-४७, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. चाळिशीच्या आधीच थांबली तर ते वेगळं प्रकरण, लगेच दाखवायचं. आणि थांबायच्या आधीची चार-पाच वर्षं हाच खरा गोंधळाचा काळ, गोडोलीकरीण ताई आत्ता ज्यात आहेत तो. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एखाद्या महिन्यात खूप, एखाद्या महिन्यात नाहीच, असं वरखाली होतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे, ती इस्ट्रोजेन कमी झालं की हळवी होते. जरासा उबारा वाढला तरी तिला वाटतं अंग तापलं, आणि ती घाम सोडते. वाफ म्हणजे हे. मनाचा खेळ नाही, हे घरातल्यांना जरूर सांगा. काहींच्या वाफा वर्षा-दोन वर्षांत जातात, काहींच्या सात-सात वर्षं राहतात.

दोन गोष्टी मात्र "वयाचं आहे" म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. तासातासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील तर दाखवा. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण पिशवीच्या आतल्या अस्तराचा कर्करोग पहिल्यांदा असाच दिसतो. माझ्या वॉर्डात बायका आठ-आठ महिन्यांनी यायच्या. का? तर नेणारं कुणी नव्हतं, आणि मुलाला काय सांगायचं म्हणून लाज. वाईच्या आजी, मुलांना सांगावं ते एवढ्याचसाठी.

अजून एक, लाजून कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहायची शक्यता संपली असं नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली तर एक वर्ष, पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षं काळजी घ्यायची असते.

शेंदूर

बापरे. हे शेवटचं माहीतच नव्हतं. धन्यवाद सिस्टर.

माणदेशी_लेक

मी म्हसवडकडची. आमच्याकडं कसं सांगितलं हा प्रश्नच आला न्हाई. अंगावरून जायला लागलं, वय छत्तीस. डॉक्टरनं सांगितलं, पोरं झाल्यात ना, पिशवी काढून टाका, कटकट मिटली. सासू म्हणाली काढ, नवरा म्हणाला काढ. मला वाटलं खरंच मिटंल. पिशवीसंगट दोन्ही बीजकोश काढले, ते मला लै दिसांनी कागदावर वाचून कळलं.

पंधरा दिसात वाफा सुरू. दुसरीला हळूहळू होतं ते मला एका रातीत झालं. रानात खुरपत असले की एकदम अंधारी यायची, बांधावर जाऊन बसायची. घरात म्हणायचे, ऑपरेशनला दीड महिना झाला, आता कसली नाटकं. हाडं दुखायची, पण छत्तीस वयात हाडं दुखत्यात म्हटल्यावर कोण खरं मानणार?

मला कुणी समजावलं असंल तर माझ्या धाकट्या जावंनं. तिनं कायबी भाषण दिलं न्हाई. रोज सकाळी माझ्या वाटणीचं पाणी भरून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, तुम्ही पडा जाऊबाई, मला जाग आलीच होती. वर्षभर रोज तिला जाग आली.

वॉर्ड_नंबर_चार

लेकी, तुझ्यावर अन्याय झालाय. बीजकोश काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं, म्हणून त्रास असा अंगावर कोसळतो. ४५च्या आत असं झालेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात असा सल्ला असतो, हाडांसाठी आणि हृदयासाठीही. तुला कुणी सांगितलं होतं का? अजूनही हाडांची तपासणी करून घे.

पिशवी काढणं कधीकधी गरजेचं असतंच. पण जास्त रक्त जाण्यावर आधी गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं आहेत. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं बाहेर आलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. त्याच टोळ्या आपल्या सातारा-सांगलीच्या फडात येतात, कोप्या आपल्याच गावांबाहेर पडतात. तेव्हा हे लांबचं समजू नका. पिशवी काढा म्हटलं की दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या आणि "बीजकोश ठेवणार का?" हा प्रश्न नवऱ्यानं, भावानं, कुणीही बरोबर असेल त्यानं विचारा.

माणदेशी_लेक

न्हाई सांगितलं कुणी. दाखवते आता.

आटपाडीकर

जाऊबाईंना दंडवत. आमच्या दुष्काळी भागात पाणी भरून ठेवणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल.

तांबडा_रस्सा

पुरुष आयडी आहे, चालेल ना? आमच्या घरातल्या पंख्याचं सांगतो. भर थंडीत पाचवर, मी दोन वाकळा घेऊन, बायको चादर फेकून. रोज रात्री रेग्युलेटरवरून भांडण. शेवटी मुलीनं तोडगा काढला, आईच्या उशाशी छोटा टेबलफॅन. आता घरात शांतता आहे. टेबलफॅन साडेअकराशेचा, शांततेची किंमत त्याहून जास्त आहे.

हळदीचं_पान

हा हा, तुमच्या मुलीला शाबासकी. आमच्याकडं सुती गाऊन आणि उशाशी पाण्याची बाटली यानं बराच फरक पडला. रात्री तिखट आणि उशिराचा चहा बंद केला. आणि मी रोज सकाळी नाचणीचं आंबील घेते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पाळी थांबलेल्या बाईला दिवसाला १२०० लागतं. दूध, तीळ, राजगिरा, मेथी धरून जमवायचं. संक्रांतीला तीळ भाजते ते जास्तच भाजून ठेवते, भाकरीबरोबर तिळाची चटणी वर्षभर. नुसतं पांढरं दूध पिऊन भागत नाही, उन्हातही बसा, ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही.

शेंदूर

आंबिलाची कृती द्या ना. माझी नेहमी गुठळ्या होऊन बसते.

हळदीचं_पान

पीठ रात्रीच ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतताना हात थांबवायचा नाही. लसूण ठेचून, जिरं. उकळी आल्यावर पाच मिनिटं मंद ठेवा.

कृष्णामाई_७१

आंबील ठीक, पण हार्मोनच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका असं मी सांगेन. कॅन्सर होतो. आमच्या वैद्यांनी शतावरी दिली, मला बरं वाटलं.

वॉर्ड_नंबर_चार

तुम्हाला बरं वाटलं हे चांगलंच आहे. पण "कॅन्सर होतो" हे अर्धं आहे. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला, तिथून ही भीती पसरली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. नंतर तीच माहिती वयानुसार तपासली तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. धोका शून्य नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन बरीच वर्षं घेतली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. जिला तो होऊन गेलाय, पायात गुठळी झालीय, लकवा झालाय, लिव्हरचा आजार आहे, तिला सहसा देत नाहीत. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन द्यायचं नसतं, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. म्हणून शेजारणीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आणि शेजारणीच्या भीतीनं सोडायच्याही नाहीत. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वाफांवर बिनहार्मोनची औषधंही आहेत.

कृष्णामाई_७१

मी अजूनही घेणार नाही. पण दुसरीला अडवणार नाही, हे मान्य.

नाव_नको

वेगळा आयडी काढून लिहितोय. कराड तालुका, कारखान्यात नोकरी, वय ५३.

दोन वर्षांपूर्वी बायको माझ्याकडं पाठ करून झोपायला लागली. हात लावला की आखडायची. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. माझ्या मनात नाही नाही ते आलं. बोलणं "जेवण वाढू का", "वाढ" एवढ्यावर आलं. आठ महिने. नंतर मुलीच्या लग्नाच्या खरेदीला साताऱ्याला आलो होतो, राजवाड्यावर, ती एकदम चौपाटीच्या बाकावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "मला दुखतं हो, म्हणून. तुम्ही रागावलात ते दिसतं मला, पण सांगू कसं?"

आत कोरडेपणा येतो, त्यामुळं दुखतं, लघवीला जळजळ होते, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मित्रांत आम्ही उसाचा दर, राजकारण, क्रिकेट सगळं बोलतो. डॉक्टरांनी लावायचं क्रीम दिलं, महिन्या-दीड महिन्यात फरक पडला. पण खरं औषध तो बाक होता. पुरुषांनी हा धागा वाचत असाल तर विचारा रे. ती सांगेल म्हणून थांबू नका.

मिरजेची_तार

लिहिलंत, फार बरं केलंत. ह्यांना वाचायला दिलं.

विश्रामबाग_ते_पुणे

मी २२ वर्षांचा आहे, सांगलीचा, सध्या पुण्यात शिकतो. आई ४९ ची. मागच्या सुट्टीत आई खूप चिडत होती, मी वैतागून दोन दिवस आधी परत आलो. आता वाचून पोटात कालवतंय. मी तिला काय म्हणू? "आई तुला मेनोपॉज आहे का" असं विचारणं विचित्र वाटतं.

तांबडा_रस्सा

तसं विचारू नको. "आई, झोप लागते का तुला?" एवढं विचार. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नको.

वाईची_आजी

बाळा, घरी जाशील तेव्हा पहाटेचा चहा तू कर. आईला उठवू नको. मी मुलांना सांगू नये म्हणाले होते, ते परत घेते. मला दोन मुलगे आहेत. त्यांना आजही ठाऊक नाही की मी चार वर्षं रात्री ओसरीवर बसून काढली.

विश्रामबाग_ते_पुणे

आत्ताच फोन केला. पन्नास मिनिटं बोलत होती. शुक्रवारी घरी जातोय. धन्यवाद सगळ्यांना.

गोडोलीकरीण

आठ दिवस आले नाही त्याबद्दल माफ करा. सांगितलं मी घरात.

ह्यांना आधी सांगायचं ठरवलं होतं, झालं उलटंच. परवा आत्यांनी पुन्हा विचारलं, "अजून बसली नाहीस?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "आत्या, माझी पाळी जायला लागलीय. मला रात्री झोप येत नाही, अंगाची आग होते." लाटणं हातातच राहिलं. वाटलं आता म्हणतील, इतक्या लवकर कशी.

आत्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, "माझी व्हती तशीच. मी रातचं उठून परसात जायची, हौदात पाय सोडून बसायची. गार वाटायचं. एका रातीला सासूबाईंनी बघितलं. त्यांना वाटलं बाहेरचं लागलं. दर अमावस्येला उतारा टाकायच्या माझ्यावरनं, भाकरी आन दही. मी गप उभी राहायची. काय सांगणार, पाय भाजत्यात म्हणून?" मग म्हणाल्या, "तुझं ते विचारायची ते देवाच्या कामासाठी न्हवं. तू वाळत चाललीस ते दिसत होतं. कसं विचारावं कळेना."

इतके दिवस मी त्या प्रश्नाला घाबरत होते.

संध्याकाळी त्यांनीच ह्यांना आणि पोरांना बसवून सांगितलं. त्यांच्या शब्दांत, "हिचं अंग बदलतंय, वरीस-दोन वरीस घराला सांभाळावं लागंल." मुलगा काही बोलला नाही. रात्री बघते तर ओट्यावर तांब्याभांडं भरून, वर झाकण. हे पुढच्या तपासणीला येणार आहेत, रक्ताचे कागद फाइलला लावून ठेवलेत. मुलगी विचारते, मलापण असंच होणार का? म्हटलं, होईल तेव्हा मला सांग.

माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच स्वयंपाकघरात होतं, पण तुमचं वाचलं नसतं तर ते वाक्य तोंडातून निघालं नसतं. काम अजून व्हायचं आहे. ऑफिसात साहेबांना सांगून काउंटरवर एक छोटा पंखा मागायचा आहे, त्याचं धाडस अजून गोळा करतेय.

मिरजेची_तार

दही-भाकरीचा उतारा वाचून डोळे भरले. आत्यांना माझा नमस्कार सांगा.

आटपाडीकर

पंख्याचं लिहून अर्ज द्या. तोंडी मागितलेलं साहेब विसरतात.

वॉर्ड_नंबर_चार

आणि आत्यांची हाडं तपासून घ्या, ७४ वय आहे. हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी पुन्हा.

गोडोलीकरीण

अर्ज आज लिहिला. हाडांच्या तपासणीला शनिवारची वेळ घेतलीय, आत्यांची. "माझं काय आता हाड ऱ्हायलंय मोजायला," म्हणत होत्या. मग कपाटातून इरकली काढून ठेवली.